म्युनिकचा जिना आणि जामसंड्याची बाग

'अली: फिअर ईट्स द सोल' या जर्मन चित्रपटाच्या शेवटी अली बारमध्ये बायकोबरोबर नाचता नाचता पोट धरून कोसळतो. इस्पितळात डॉक्टर त्याच्या बायकोला, एमीला, सांगतात की जठरातला व्रण फुटला आहे. परदेशातून कामाला आलेल्या माणसांत हा आजार नेहमी दिसतो, कारण त्यांच्यावर सतत ताण असतो. विश्रांतीसाठी त्यांना कुठे पाठवायची सोय नाही. आम्ही शस्त्रक्रिया करतो आणि सहा महिन्यांनी ते नवा व्रण घेऊन परत येतात. एमी म्हणते, मी तसं होऊ देणार नाही. डॉक्टरांचा त्यावर फारसा विश्वास बसलेला दिसत नाही.

राइनर वेर्नर फासबिंडरचा हा १९७४चा चित्रपट. या पुस्तकाचा विषय मांडायला मला याहून नेमकी जागा सापडत नाही. एकटेपण म्हटलं की खिडकीशी बसून दूर बघणारा माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. फासबिंडरने ते एकटेपण जठरात दाखवलं. अली काही स्वभावाने उदास माणूस नाही. तो हसतो, नाचतो, दिवसभर राबतो. व्रण होतो तो राहत्या इमारतीच्या जिन्यावर, कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात, बायकोच्या मुलांच्या नजरेत रोज जे सोसावं लागतं त्यातून. वाणी त्याचं जर्मन कळत नसल्याचं सोंग करतो. एमीचा मुलगा लग्नाची बातमी ऐकून उठतो आणि लाथ घालून टीव्ही फोडतो.

युरोपात परमुलखातून आलेल्या माणसांवर गेल्या साठ-पासष्ट वर्षांत जे कथापट निघाले, त्यांतल्या निवडक चित्रपटांवरची ही टिपणं आहेत. ती लिहिली गेली जामसंड्यात, देवगडच्या शेजारी, हापूसच्या कलमांमध्ये. म्युनिक, लिस्बन, लिएज, हेलसिंकी ही शहरं इथून फार लांब. तरीही हे चित्रपट बघायला जामसंडे ही चांगली जागा आहे असं मला वाटतं. का, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय या चित्रपटांतली माणसं तिथे कशी पोचली ते कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम जर्मनीला कारखान्यांसाठी आणि खाणींसाठी माणसं कमी पडू लागली. १९५५मध्ये इटलीशी, १९६१मध्ये तुर्कस्तानशी, १९६३मध्ये मोरोक्कोशी करार झाले आणि भरती सुरू झाली. हे लोक दोन-चार वर्षं काम करतील आणि आपल्या गावी जातील, असं बोलावणाऱ्यांनी धरलं होतं. आलेल्यांनीही तसंच धरलं होतं. नोव्हेंबर १९७३मध्ये, तेलसंकटाच्या दिवसांत, जर्मनीने भरती बंद केली. पण तोवर घरं झाली होती, बायकामुलं येऊ लागली होती, आणि एकदा गेलो तर पुन्हा येता येणार नाही या भीतीने बरेच जण तिथेच थांबले. फ्रान्समध्ये अल्जीरिया, मोरोक्को, सेनेगल या जुन्या वसाहतींतून लोक आले, पोर्तुगालमध्ये केप व्हर्दीतून. स्वित्झर्लंडमध्ये इटालियन आले, म्हणजे युरोपातले युरोपातच परके झाले. नंतरच्या काळात युद्धं आली आणि निर्वासित आले. फासबिंडरचा अली आणि आकी कौरिस्माकीच्या 'द अदर साइड ऑफ होप'मधला (२०१७) सीरियन खालेद यांच्यात हा फरक आहे. अलीला बोलावून आणलेलं होतं. खालेद कोळशाच्या जहाजात लपून हेलसिंकीला उतरतो. त्याचा अर्ज अधिकारी फेटाळतात, कारण त्यांच्या मते अलेप्पोत परत जाण्यात तेवढा धोका नाही. त्याच दिवशी टीव्हीवर अलेप्पोवरच्या बॉम्बहल्ल्याची दृश्यं चाललेली असतात.

आता इकडचं. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. दहा वर्षांपूर्वी ती ८ लाख ६८ हजार ८२५ होती. देशाची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आकसला. दर हजार पुरुषांमागे इथे १,०३६ बायका होत्या, आणि शेजारच्या रत्नागिरीत १,१२२. बायका अधिक जन्मतात म्हणून हे आकडे असे आलेले नाहीत. पुरुष घरी नाहीत म्हणून आले आहेत. मुंबईच्या गिरण्या सुरू झाल्यापासून कोकणातलं हे गणित चालत आलं आहे. रेल्वे नव्हती तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करत खाली जायची. बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावांतून माणसं किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात बोटी बंद, मग घाटावरून लांबचा फेरा. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली, तरी देवगड तालुक्यातल्या माणसाने उतरायचं ते कणकवलीला किंवा नांदगावला, आणि तिथून पुढे एस.टी. धरायची.

मुंबईत गेलेला चाकरमानी लालबाग-परळच्या चाळींत गाववाल्यांच्या खोलीत राहायचा. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी वीस-पंचवीस माणसं, भिंतीशी ज्याची त्याची ट्रंक, जेवण खाणावळीत. अलीही पाच-सहा जणांबरोबर एका खोलीत राहतो आणि एमीला ते ऐकून धक्का बसतो. आमच्याकडे ते ऐकून कुणालाच धक्का बसणार नाही. फरक आहे तो वेगळा. चाकरमान्याच्या खोलीत सगळे एकाच गावचे, एकाच वाडीचे असत. भजन असे, गावच्या मंडळाची वर्गणी असे, कुणी आजारी पडला तर रात्री जागणारं माणूस असे. म्हणून मुंबईतला कोकणी माणूस दाटीत राहिला, आणि एकटेपण मुख्यतः गावाच्या वाट्याला आलं. चाकरमान्याच्या कथेतलं एकटं पात्र शोधायचं तर ते इथल्या पडवीत सापडतं. मनिऑर्डरची वाट बघणारी, शेत लावणारी, सासू-सासऱ्यांचं करणारी, गणपती आणि शिमगा या दोन खुणांवर वर्ष मोजणारी बाई.

हे मनात ठेवून उस्मान सेम्बेन यांचा 'ला न्वार द...' (१९६६) बघावा. दियुआना ही डाकारची तरुणी एका फ्रेंच कुटुंबाकडे मुलं सांभाळायला म्हणून आंतीबला जाते, आणि तिथे तिची मोलकरीण होते. मुलं सुरुवातीला दिसतच नाहीत. दिसतं ते स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि तिची खोली. तिला लिहिता-वाचता येत नाही. आईचं पत्र येतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं, आणि त्यात पैसे न पाठवल्याची तक्रार असते. घरमालक ते वाचून दाखवतो आणि तिला न विचारता तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. दियुआना ते पत्र फाडून टाकते. कोकणातल्या ज्या घरांनी पोस्टमनकडून पत्रं वाचून घेतली, शेजारच्या शाळकरी पोराकडून उत्तरं लिहवली, त्यांना या प्रसंगाची धार वेगळी सांगावी लागणार नाही. दुसऱ्याच्या हाताने लिहिलेल्या पत्रात मनातलं काय उरतं? नवराबायकोचं बोलणं तिसऱ्याच्या तोंडून होत असे, आणि त्या तिसऱ्यासमोर जे बोलता येई तेवढंच पत्रात जाई. सेम्बेन स्वतः मार्सेच्या गोदीत हमाली करून लेखक झाले होते. हा प्रसंग त्यांनी बाहेरून बघून लिहिलेला नाही, हे जाणवतं.

या सगळ्या चित्रपटांत मी एकच निवडायचा म्हटलं, तर पेद्रो कोस्ता यांचा 'विटालिना वारेला' (२०१९) निवडेन. त्यावरचं टिपण या पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि प्रस्तावनेतही त्याच्यापाशी थोडं थांबायला हवं. केप व्हर्दीच्या डोंगरातली एक बाई. नवरा लग्नानंतर लिस्बनला कामाला गेलेला. मी तुला बोलावून घेतो, असं म्हणून गेला. पंचवीस वर्षं ती विमानाच्या तिकिटाची वाट बघते. अखेर ती लिस्बनला उतरते तेव्हा नवऱ्याला पुरून तीन दिवस झालेले असतात. विमानाच्या शिडीवरून तिची अनवाणी, ओली पावलं उतरतात. खाली विमानतळावर झाडलोट करणाऱ्या बायका उभ्या असतात, तिच्याच देशाच्या. त्या सांगतात, तुला उशीर झाला, इथे तुझं काही नाही, परत जा. ती जात नाही. नवऱ्याच्या अंधाऱ्या, पडक्या खोपटात राहते आणि जो माणूस तिला कधी कळला नाही त्याच्याशी एकटीच भांडत राहते. तिकडे गावात दोघांनी मिळून बांधायला घेतलेलं घर होतं, भक्कम, दारं-खिडक्यांचं. इकडे हा माणूस छप्पर गळणाऱ्या खोलीत मेला.

पडद्यावर ही भूमिका करणाऱ्या बाईचं नावही विटालिना वारेला आहे. गोष्ट तिची आहे आणि पटकथेत तिचा हात आहे. जवळजवळ सगळा चित्रपट काळोखात आहे. पहिल्यांदा बघताना माणूस कंटाळतो, आणि कंटाळला तर त्यात गैर नाही. पण कोस्ता तो काळोख शोभेसाठी वापरत नाहीत. त्या वस्तीत, भिंतीला भिंत लागलेल्या घरांत एवढाच उजेड येतो. त्या उजेडात ती बाई बसलेली असते, आणि हळूहळू आपल्याला तिचा चेहरा दिसू लागतो. आमच्याकडे अशी घरं आहेत, उलट बाजूने. मुंबईच्या पैशांतून बांधलेलं चिऱ्यांचं घर, वर्षाचे अकरा महिने कुलपात, किल्ली शेजाऱ्याकडे. ज्याने एकेक पैसा जोडून ते बांधलं त्याला त्यात राहायला मिळालं नाही, आणि ज्यांना मिळालं असतं त्यांनी मुंबईत संसार थाटले. बंद घर हा कोकणातला रोजचा देखावा आहे. त्यावर चित्रपट होऊ शकतो, हे मला लिस्बनमधल्या एका गोष्टीने दाखवलं.

इथे एक योगायोग सांगायला हवा. 'विटालिना वारेला'ला स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, गोल्डन लेपर्ड, मिळालं. तेच पारितोषिक १९८१मध्ये रवींद्र धर्मराज यांच्या 'चक्र' या हिंदी चित्रपटाला मिळालं होतं. गाव सोडून मुंबईत आलेली, झोपडपट्टीत नवरा गमावलेली आणि तरीही पाय रोवून उभी राहिलेली अम्मा त्यात स्मिता पाटील यांनी उभी केली आणि त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'चक्र' ही मूळ कादंबरी जयवंत दळवींची, आणि दळवी वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचे. म्हणजे सिंधुदुर्गातल्या एका लेखकाने स्थलांतरितांच्या वस्तीबद्दल लिहिलेलं काहीतरी युरोपातल्या त्याच व्यासपीठावर अडतीस वर्षं आधी पोचून आलं होतं. या गोष्टीचा आपल्याकडे जेवढा गवगवा व्हायला हवा होता तेवढा झाला नाही, असं माझं मत आहे.

दळवींनी दुसरं टोकही लिहिलं. 'संध्याछाया' या नाटकात थोरला मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला आहे, धाकटा सैन्यात गेला आहे, आणि घरात म्हातारा-म्हातारी उरली आहेत. दारात आलेल्या अनोळखी माणसालाही ती बसवून घेतात, बोलत ठेवतात. गोवा हिंदु असोसिएशनच्या या नाटकात विजया मेहतांनी नानी केली, आणि मराठी मध्यमवर्गाने पहिल्यांदा स्वतःच्या परदेशी मुलांकडे जरा घाबरून बघितलं. स्थलांतराची गोष्ट जाणाऱ्याच्या पाठीमागून सांगायची, हे दळवींनी त्या काळी ओळखलं होतं. युरोपीय कथापटांनी हे बरंच उशिरा केलं, कारण त्यांचा कॅमेरा पोचण्याच्या बाजूला उभा होता. माणूस जिथून निघतो ते घर त्यांना सहसा दिसत नाही. अलीचं मोरोक्कोतलं घर आपण बघतच नाही.

कोकणी माणसाच्या शहरवासाचं चित्र मराठी रंगभूमीवर सर्वांत जास्त माणसांपर्यंत पोचलं ते मालवणी नाटकातून. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण' १९८०मध्ये आलं आणि मच्छिंद्र कांबळींनी ते गाजवलं. मुंबईच्या नाट्यगृहांत चाकरमानी आपली बोली ऐकायला गर्दी करू लागले. ते हसू फार मोलाचं होतं. दिवसभर ज्या बोलीला शहरात कुणी विचारत नाही, ती रात्री रंगमंचावर राजासारखी वावरत होती. मात्र त्या हसण्याखाली जे होतं ते पडद्यावर यायला वाट सापडली नाही. १८ जानेवारी १९८२ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार त्यात उतरले आणि चाकरमान्याचं जगच कोसळलं. जयंत पवारांच्या 'अधांतर'ने ते नाटकात आणलं आणि २०१०मध्ये महेश मांजरेकरांनी त्यावर 'लालबाग परळ' केला. पण संपानंतर ट्रंक उचलून गावी परतलेल्या माणसावर, ज्याला शेती येत नव्हती आणि ज्याची मुलं त्याला ओळखत नव्हती, त्याच्यावर मनात राहील असा मराठी चित्रपट मी अजून पाहिलेला नाही. गावी थांबलेली बायको आणि मुंबईत टॅक्सी चालवणारा नवरा ही गोष्ट 'गमन'मध्ये (१९७८) मुजफ्फर अलींनी सांगितली, तीही उत्तर प्रदेशातल्या माणसांची.

गणपतीत घरी जमलेल्या मंडळींना मी एकदा फ्रँको ब्रुसाती यांचा 'ब्रेड अँड चॉकलेट' (१९७४) लावून दाखवला. त्यात निनो मानफ्रेदी हा स्वित्झर्लंडमध्ये वेटरचं काम करणारा इटालियन. आपण इटालियन दिसू नये म्हणून तो केस सोनेरी रंगवतो. मग बारमध्ये सगळे फुटबॉलचा सामना बघत असतात, इटलीचा गोल होतो आणि त्याला राहवत नाही; तो ओरडतो आणि उघडा पडतो. सगळे हसले. आमच्यातले एक निवृत्त गिरणी कामगार मात्र म्हणाले, "आमी पण पयल्यांदा लोकलीत मालवणी बोलूक लाजत होतव." त्यानंतर चित्रपट बाजूला राहिला आणि बराच वेळ मंडळी त्यांच्या पहिल्या वर्षांबद्दल बोलत होती. बरोबर बसलेल्या मुलांनी त्यातलं काहीच आधी ऐकलेलं नव्हतं.

इथवर जे लिहिलं ते आपल्याला सोयीचं आहे. चित्रपटातल्या परक्यात आपण स्वतःला ओळखतो, डोळे भरून येतात, आणि आपल्या दुःखाला थोर सोबत मिळाल्यासारखं वाटतं. पण या पुस्तकातले चित्रपट दुसऱ्या बाजूनेही बघावे लागतात, आणि जामसंड्यात राहून ती बाजू टाळता येत नाही.

पावसाळा सरला की देवगडच्या हापूसच्या बागांत नेपाळी माणसं येतात. काही एकटे, पुष्कळदा नवरा-बायको आणि लहान मुलं. बागेच्या टोकाला पत्र्याची किंवा चिऱ्यांची खोली, तिथे त्यांचा संसार. गवत काढणं, फवारणी, वानरांपासून आणि चोरांपासून राखण, हंगाम लागला की झेल्याने आंबे उतरवणं, निवडणं, पेट्या भरणं. पावसाच्या तोंडाला बरेच जण माघारी जातात, काही वर्षानुवर्षं इथेच राहतात. देवगड बंदरातल्या ट्रॉलरांवरही खलाशी म्हणून नेपाळी तरुण आहेत. आपली मुलं मुंबई-पुण्याला गेली. त्यांच्या मागे कलमांची राखण करायला माणूस उरला नाही, म्हणून ही माणसं आली. ज्या हापूसचं नाव जगभर आहे, त्याच्यामागे रात्री बॅटरी घेऊन फिरणारा माणूस बहुधा हिमालयाच्या पायथ्याचा असतो.

आणि आपण त्याला काय म्हणतो? बहादूर. किंवा नुसतं गुरखा. फासबिंडरच्या चित्रपटात अली आपलं खरं नाव सांगतो, ते बरंच लांबलचक आहे, आणि कुणी ते कधी उच्चारत नाही. जर्मन लोक सगळ्यांनाच अली म्हणतात. तो संवाद दोन वाक्यांचा असेल. हा चित्रपट पाहिल्यावर मी आमच्या शेजारच्या बागेतल्या माणसाला त्याचं नाव विचारलं. त्याने सांगितलं आणि तो जरा बावरला, कारण नाव विचारणं म्हणजे काहीतरी तक्रार असणार असं त्याला वाटलं.

फासबिंडरची खरी करडी नजर चित्रपटाच्या उत्तरार्धात आहे. अली आणि एमी सुट्टी घालवून परत येतात तर सगळे अचानक गोड झालेले असतात. वाण्याला गिऱ्हाईक तुटू द्यायचं नसतं. शेजारणीला तळघरातली जागा हवी असते. मुलाला आपलं पोर सांभाळायला आई हवी असते. माणुसकी जागी झालेली नसते, गरज जागी झालेली असते. एमी आपल्या मैत्रिणींना अलीचे दंड दाखवते आणि त्या हात लावून बघतात. अली उठून निघून जातो. त्याला कुसकुस खायचं असतं. एमीने सांगितलेलं असतं की मला ते आवडत नाही, तू इथलं खायची सवय कर. तो बारच्या मालकिणीकडे जातो, कारण तिला कुसकुस करता येतं. आणि ज्या जिन्यावर बसून एमीने एकटीने डबा खाल्ला होता, कारण सोबत साफसफाई करणाऱ्या बायकांनी तिला वाळीत टाकलं होतं, त्याच जिन्यावर, कठड्याच्या गजांआड, आता युगोस्लाव्हियातून आलेली एक नवी मुलगी एकटी बसलेली असते. एमी बाकीच्यांबरोबर असते. जिने सोसलं तीच आता दुसरीला वगळते, आणि तिला ते कळतही नाही. कॅमेरा तीच चौकट पुन्हा लावतो, त्याखेरीज काही म्हणत नाही.

आपण ती एमी आहोत. आपल्या बापजाद्यांनी मुंबईत 'घाटी', 'कोकण्या' म्हणून घेतलं, खाणावळीच्या आमटीवर दिवस काढले, आणि आता आपल्या बागेतला नेपाळी चांगला की वाईट हे आपण फक्त कामावरून ठरवतो. आमचा गुरखा फार चांगला आहे हो, कसला त्रास नाही. हे वाक्य मी कितीदा ऐकलं आहे, आणि बोललोही आहे. त्याच्या बायकोला इथे बोलायला कोण आहे, हंगाम संपल्यावर दोघं संध्याकाळी काय करतात, मूल तापलं तर रात्री कुणाचं दार वाजवतात, हे विचारायचं आपल्या मनातही येत नाही.

फरक आहेत, ते लपवू नयेत. भारत आणि नेपाळ यांच्यातल्या १९५०च्या करारामुळे नेपाळी माणसाला इथे यायला, राहायला, काम करायला व्हिसा लागत नाही. दार्देन बंधूंच्या 'तोरी अँड लोकिता'त (२०२२) कागदपत्रांसाठी एक मुलगी गांजाच्या बंद गोदामात कोंडून घेते. तसली टांगती तलवार इथे नाही. देवही बरेचसे सारखेच आहेत, बागेतल्या खोलीत शंकराची तसबीर दिसते. त्यांची काही मुलं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात आणि मालवणी आमच्याइतकीच बोलतात. तरी एकटेपण आहे. कायद्याची भीती काढून टाकली की उरतं ते नुसतं माणसामाणसांतलं अंतर, आणि ते कमी नाही.

या बाजूने बघायला दार्देन बंधूंचाच 'ला प्रोमेस' (१९९६) सगळ्यात उपयोगी. इगोर हा पंधरा वर्षांचा मुलगा, बाप बेकायदा आलेल्या मजुरांना घाणेरड्या खोल्या भाड्याने देतो आणि राबवून घेतो. बुर्किना फासोहून आलेला हमिदू परांचीवरून पडतो. तपासणी अधिकारी आलेले, म्हणून बाप त्याला इस्पितळात नेत नाही आणि तो मरतो. मरण्यापूर्वी त्याने इगोरकडून वचन घेतलेलं असतं: माझ्या बायको-मुलाला बघ. पुढचा सगळा चित्रपट म्हणजे बापाशी इमान आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द यांच्यातली त्या पोराची ओढाताण. इथे नायक परका नाही. जो घरचा आहे, ज्याचा या व्यवहारात फायदा आहे, तो नायक आहे. अशी गोष्ट आपल्याकडे कुणी लिहिली तर ती बागायतदाराच्या मुलाची असेल.

एक आक्षेप मनापासून नोंदवायला हवा. यांतले बहुतेक दिग्दर्शक स्वतः परके नाहीत. परक्याचं दुःख दाखवताना घरच्या माणसाची सदसद्विवेकबुद्धी हाच खरा विषय होऊन बसतो, आणि परका त्या बुद्धीला जागं करण्यापुरता उरतो. जाक ओदियार यांच्या 'धीपन'ला (२०१५) कानमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळालं. श्रीलंकेतल्या युद्धात लढलेला एक माजी तमिळ वाघ, एक अनोळखी तरुणी आणि एक अनाथ मुलगी मेलेल्या माणसांच्या पासपोर्टवर खोटं कुटुंब बनून फ्रान्सला पोचतात. पहिला भाग अप्रतिम आहे. तीन माणसं एका खोलीत कुटुंब असल्याचं नाटक करता करता खरोखर एकमेकांची होऊ लागतात. संवाद मुख्यतः तमिळ, आणि नायकाचं काम करणारे जेसुदासन अँथनीदासन तमिळमधले लेखक, पोरवयात स्वतः त्या लढ्यात होते. पण शेवटी दिग्दर्शकाला बंदुका हव्या होत्या, आणि त्या गोळीबारात मधली सगळी नाजूक वीण फाटते, असं मला वाटतं. याच्या शेजारी फिलिप फोकों यांचा 'फातिमा' (२०१५) ठेवून बघा. लियोंमध्ये लोकांची घरं साफ करणारी अल्जीरियन बाई. मुली फ्रेंचमध्ये बोलतात, ती अरबीत. जिन्यावरून पडते, दुखणं जात नाही, डॉक्टरांना काही सापडत नाही. मग ती वहीत अरबीत लिहायला लागते, जे मुलींना कधी सांगता आलं नाही ते. बंदूक नाही, रडारड नाही, तरी फ्रान्सने त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा सेझार दिला. फातिमाचं काम करणारी सोरिया झेरुआल प्रत्यक्षात साफसफाईचंच काम करत होती. व्रणावाचून सुरू झालेलं हे दुसरं दुखणं अलीच्या दुखण्याचं सख्खं भावंड आहे.

टिपणं कालक्रमाने लावलेली नाहीत. सुरुवात 'ब्रेड अँड चॉकलेट'पासून आहे, कारण त्यात हसता येतं आणि घरच्या सगळ्यांना बसवून बघता येतो. त्यानंतर व्हिस्कोंती यांचा 'रोक्को अँड हिज ब्रदर्स' (१९६०). दक्षिण इटलीतल्या खेड्यातून मिलानला आलेलं हे कुटुंब देशातल्या देशातच परकं होतं, आणि मुंबईशी त्याची तुलना करणं सोपं जाईल. मग फासबिंडर, सेम्बेन, दार्देन, कौरिस्माकी. 'विटालिना वारेला' मुद्दाम शेवटच्या टप्प्यात ठेवला आहे, डोळ्यांना संथ चित्रपटाची सवय झाल्यावर. प्रत्येक टिपणाआधी कथा थोडक्यात दिली आहे, पण शक्यतो चित्रपट आधी बघावा. पडद्यावर खाली येणारी इंग्रजी अक्षरं वाचायला जड जात असतील तर शेजारी एखाद्या शिकत्या मुलाला बसवावं. त्यानेही बघावेत असेच हे चित्रपट आहेत. बागांमध्ये ज्यांची नेपाळी कुटुंबं आहेत त्यांनी कौरिस्माकीचा चित्रपट त्यांच्यासोबत बघायला हरकत नाही. त्यात बोलणं थोडं आहे, आणि हेलसिंकीतलं ते हॉटेल, जिथे मालक, वेटर आणि लपवलेला परका एकाच टेबलावर जेवतात, कुठल्याही भाषेत कळतं.